बाण किती जड ठेवावा? हरणाच्या शिकारीचे आकडे ५० मीटरच्या मैदानावर चालतात का?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. चाळीसगावकडच्या कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मारणाऱ्या पोरांसाठी विचारतो आहे. यूट्यूबवर बाणाच्या वजनाबद्दल जे सापडतं ते जवळपास सगळं अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीचं असतं. एक जण सांगतो ६५० ग्रेनच्या (बाण तोलायचं छोटं माप) खाली जाऊच नका, दुसरा म्हणतो ४०० खूप झाले. पोरांच्या डोक्यात आता "जड बाण तोच चांगला बाण" हे पक्कं बसलंय.

आत्ताची जुळणी अशी: ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर) ५० पौंड, ड्रॉ लेंग्थ (ओढायची लांबी) २७ इंच, ५०० स्पाइनचा बारीक शाफ्ट (बाणाची काडी) २८ इंचांवर कापलेला, आत चिकटवायचा १०० ग्रेनचा पॉइंट (पुढचं टोक), छोटे तीन वेन (मागचे पंख). ३४० स्पाइनचे एक डझन जाड शाफ्ट स्वस्तात मिळतायत. ते घेऊन पुढे २०० ग्रेन लावले तर मे महिन्याच्या वाऱ्यात बाण सरळ जाईल का? दुपारी बारानंतर इकडे बाण सारखा बाजूला वाहतो.

---

सातपुडा_पायथा

भाऊ, ते शाफ्ट घेऊ नका. वजनाचं नंतर बोलू, आधी स्पाइन.

स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती खाली झुकला ते मोजायचं. अर्धा इंच झुकला तर स्पाइन ५००. ०.३४० इंच झुकला तर ३४०. आकडा जितका लहान तितका शाफ्ट ताठ. दुकानात "मोठा आकडा म्हणजे मजबूत" असं समजून पुष्कळ जण उलटा माल घेऊन येतात.

हे झालं टेकूवरचं माप. सुटताना बाण किती वाकेल हे तीन गोष्टींवर आणखी ठरतं: धनुष्य किती जोरात ढकलतं, शाफ्ट किती लांब आहे, पुढे किती वजन आहे. लांबी वाढली की बाण मऊ वागतो, पॉइंट जड केला तरी मऊ वागतो. ५० पौंड आणि २८ इंचांना ५०० च्या आसपासचा शाफ्टच लागतो, कुठल्याही चांगल्या कंपनीच्या तक्त्यात बघा. ३४० चा शाफ्ट हा ६५ ते ७० पौंडाच्या धनुष्याचा माल. पुढे २०० ग्रेन लावून तो थोडा मऊ कराल, पण मग एकूण वजन पाचशेच्या वर जातं आणि त्याचे भोग वेगळे.

बाण धनुष्याला जुळतो की नाही हे स्पाइन ठरवतं. वजन ही त्यानंतरची बाब. उलट्या क्रमाने गेलं की पैसे दोनदा जातात.

---

सराफगल्ली

वजनाची मोजणी कशी करायची ते सांगतो, कारण इथेच अर्धी गडबड होते.

ग्रेन हे फार छोटं माप आहे. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आणि १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. जुना तोळा (११.६६ ग्रॅमचा, आता बाजारात बोलतात तो १० ग्रॅमचा नव्हे) बरोबर १८० ग्रेनचा असतो. म्हणजे ३६० ग्रेनचा बाण झाला दोन तोळ्यांचा. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणून एक गुंज जवळजवळ २ ग्रेनची. पोरांना असं सांगितलं की पटकन कळतं: तुमच्या दोन बाणांत एका गुंजेचा फरक असेल तर तो टारगेटवर दिसतो.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण त्याची एक पायरीच १५ ग्रेनची. सोनाराचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. जळगावात तो कुठेही बघायला मिळतो आणि त्यासारखा छोटा खिशातला काटा महागही नसतो. पंखा बंद करा, काटा सपाट फरशीवर ठेवा. बाण लांब असल्याने ताटलीवर डुलतो, म्हणून आधी काड्यापेटीसारखी हलकी डबी ठेवून शून्य करा आणि बाण तिच्यावर आडवा, तोल सांभाळून ठेवा. प्रत्येक बाण दोनदा तोला. ग्रॅमला १५.४३ ने गुणा.

तुमच्या बाणाचा अंदाज असा येतो:

शाफ्ट ७.८ ग्रेन प्रति इंच × २८ = २१८.४
पॉइंट १००
नॉक (दोरीवर अडकवायचं मागचं टोक) १०
वेन ३ × ५ = १५
डिंक साधारण २
एकूण ३४५ च्या आसपास.

म्हणजे २२.४ ग्रॅम. प्रति इंच ग्रेन हा आकडा शाफ्टच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात असतो. तो धरून हिशेब केला आणि काट्यावर १० ग्रेनपेक्षा जास्त फरक आला तर पॉइंट नीट बघा. १०० च्या पाकिटात १२० चा पॉइंट आलेला असू शकतो.

---

सातपुडा_पायथा

सराफभाऊंनी ३४५ काढून दिले, आता त्यावर पुढचा हिशेब.

ड्रॉ वेटच्या प्रत्येक पौंडामागे किती ग्रेन हे आधी बघा. ३४५ ÷ ५० = ६.९. कंपाउंडला ५ च्या खाली जायचं नाही, म्हणजे ५० पौंडाला २५० ग्रेन ही शेवटची पायरी. त्याहून हलका बाण लावला तर लिंबमधली (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांमधली) ताकद बाण घेऊन जात नाही, ती धनुष्यातच उरते. बाण न लावता रिकामं सोडल्यावर जे होतं त्याच्या जवळ जाणारा प्रकार हा. लिंबला चीर, कॅम (टोकाचं चाक) वाकणं, स्ट्रिंग (दोरी) उडणं, काहीही होऊ शकतं. तुम्ही ६.९ वर आहात, सुरक्षित आहात, आणि मैदानासाठी हे वजन छान आहे.

आता तुमच्या प्रस्तावातला बाण. ३४० चा जाड शाफ्ट साधारण ९.५ ग्रेन प्रति इंच धरला तर २६६, पुढे २०० चा पॉइंट, इन्सर्ट (पॉइंट बसवायची आतली नळी) १५, मागचं २५. झाले ५०६. समजा तुमचं धनुष्य ३४५ चा बाण २५० फूट प्रति सेकंद फेकतं. ५०६ चा बाण तेच धनुष्य साधारण २०९ ने फेकेल. हवेचा अडथळा सोडून ५० मीटरला बाण किती खाली येतो ते बघा:

३४५ ग्रेन: २.११ मीटर
५०६ ग्रेन: ३.०३ मीटर

"साइट (नेम धरायचं साधन) खाली घेऊ, त्यात काय" असं म्हणाल. साइटची पट्टी पुरली तर तेवढं जमेल. पण सुटण्याच्या प्रत्येक चुकीला हा आकडा गुणतो. वेगात १ टक्का फरक पडला (रिलीज, म्हणजे स्ट्रिंग सोडायचं हातातलं यंत्र, नीट सुटला नाही, खेच जिथे थांबते त्या मागच्या भिंतीला पक्की टेकली नाही) तर हलका बाण ४.२ सेंटीमीटर वरखाली जातो आणि जड बाण ६.१. कंपाउंडच्या ८० सेंटीमीटरच्या फेसवर (टारगेटच्या कागदावर) एक रिंग ४ सेंटीमीटरची असते. म्हणजे तीच चूक एका बाणाला एक रिंग पडते आणि दुसऱ्याला दीड.

आणि तुम्ही म्हणताय ते बाजूला वाहणं. आधी साइटवरचा बबल (धनुष्य सरळ उभं आहे का दाखवणारा बुडबुडा) बघा. धनुष्य १ अंश कललं तर ३४५ चा बाण ३.७ सेंटीमीटर बाजूला जातो, ५०६ चा ५.३. वाऱ्यात पोरं नकळत धनुष्य वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं धरतात. त्याचा सगळा दोष वाऱ्यावर जातो.

वाऱ्यात जड बाण कमी सरकतो हे खरं आहे. त्याच जाडीचा असता तर ५०६ चा बाण ३४५ च्या मानाने साधारण सहावा हिस्सा कमी सरकला असता. पण तो त्या जाडीचा नाही! तुमचा बारीक शाफ्ट साडेपाच मिलिमीटरचा असेल, तर हे शिकारीचे शाफ्ट साडेसातच्या आसपास असतात. वाऱ्याला तिसऱ्या हिश्श्याने जास्त अंग मिळतं. जे मिळवलं ते तिथेच गेलं. वाऱ्यासाठी शाफ्ट बारीक, वेन छोटे आणि पुढचा भार थोडा जास्त हाच मार्ग.

---

अनेर

शिकारीच्या आकड्यांबद्दल, म्हणजे ते चूक नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे.

अमेरिकेत हरणाला बाण मारणारा शिकारी साधारण २० ते ३० यार्डांवरून मारतो. त्याला एका रिंगेची फिकीर नसते. बाण दोन्ही फुफ्फुसांतून आरपार जावा, जनावर लवकर पडावं, त्याला यातना कमी व्हाव्यात, ही त्याची गरज. म्हणून तिकडे ४०० ते ५०० ग्रेनचा बाण, १०० किंवा १२५ ग्रेनचं धारदार पातं आणि १० ते १५ टक्के पुढचा भार ही सर्वसाधारण जुळणी. जड बाण मांसात आणि बरगडीत जास्त आत जातो, धनुष्याचा आवाजही कमी होतो. आवाज महत्त्वाचा, कारण ध्वनी बाणाच्या चौपट वेगाने जातो आणि हरीण आवाज ऐकून अंग खाली टाकतं. पाती उघडणारं टोक वापरायचं तर उघडण्यात ताकद खर्च होते, म्हणून कमी पौंडाच्या धनुष्याला स्थिर पात्याचं टोक सांगतात. ६५० ग्रेनवाली मंडळी हाडावर बाण बसला तरी थांबू नये या हिशेबाने बोलतात.

ऊर्जेचं सूत्र: वजन (ग्रेन) × वेग × वेग ÷ ४,५०,२४०. ईस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड धरतात. आता गिरणाकाठ यांचाच ३४५ ग्रेन आणि २५० वेगाचा बाण टाकून बघा: ४७.९ येतात. म्हणजे पोरांच्या हातात जो "हलका" बाण आहे तो तिकडच्या मोजणीने हरणाच्या आकड्याच्या वर आहे. बटच्या (बाण अडवणाऱ्या फोमच्या लक्ष्याच्या) मागे माणूस, गुरं, पायवाट यांतलं काही असता कामा नये ते यासाठीच. फोमच्या बटला आरपार जायला जड बाणाची गरज नाही, बाण अडवायची गरज आहे.

आपल्याकडे हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. यावलच्या रानात असो की अनेर धरणाच्या काठी, चितळ असो की काळवीट, बाणाने असो की फाशाने. रुंद पात्याची टोकं मैदानावरही आणू नयेत: बट फाटतात आणि बाण ओढताना हात चिरतो. व्हिडिओ बघणाऱ्या पोरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

---

रावेर_केळीबाग

सगळ्यांचे आभार, खूप समजलं. दोन शंका. "पुढचा भार" टक्क्यांत कसा काढायचा? आणि माझी भाची रिकर्व्ह (बिनचाकाचं, बोटांनी ओढायचं धनुष्य) मारते, ७० मीटरची तयारी आहे. तिलाही हेच लागू का?

---

सातपुडा_पायथा

ताई, पुढचा भार सोपा आहे. तयार बाण बोटावर किंवा सुरीच्या बोथट पाठीवर आडवा ठेवा आणि जिथे तोल साधतो तिथे पेन्सिलची खूण करा. नॉकच्या खाचेच्या तळापासून खुणेपर्यंत मोजा. नॉकच्या त्याच तळापासून शाफ्ट संपतो तिथपर्यंत मोजा, पॉइंट धरू नका. तोलबिंदूतून अर्धी लांबी वजा करा, पूर्ण लांबीने भागा, १०० ने गुणा.

वरच्या बाणाचं उदाहरण: लांबी २८, तोल साधारण १७.१ वर येईल. १७.१ − १४ = ३.१. भागिले २८, म्हणजे ११ टक्के. १०० ऐवजी १२० चा पॉइंट लावला तर तोल १७.७ च्या जवळ सरकतो आणि १३ टक्के होतात. गिरणाकाठ, वाऱ्यासाठी काही करायचंच असेल तर हे करा. वीस ग्रेनचा खर्च, शाफ्ट तोच. फक्त बाण जरा मऊ वागेल, म्हणून नंतर ग्रुप (बाण किती जवळजवळ बसतात ते) परत तपासा.

रिकर्व्हला सूत्रं हीच, पण स्पाइनची चूक तिथे जास्त छळते. कंपाउंडमध्ये रिलीजमुळे स्ट्रिंग जवळपास सरळ येते आणि बाण मुख्यतः वरखाली वाकतो. रिकर्व्हमध्ये स्ट्रिंग बोटांवरून घसरताना बाजूला जाते, बाण आडवा वाकून हँडलला वळसा घालून निघतो. शाफ्ट ताठ असेल तर वळसा पुरा होत नाही, मऊ असेल तर शेपूट हँडलला घासते.

तपासायला बिनपंखाचा बाण वापरा. १८ ते २० मीटरवर तीन पंखवाले आणि दोन बिनपंखाचे बाण एकाच जागी धरून मारायचे. आधी वरखालीचं बघा. बिनपंखाचे बाण वर गेले तर नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक लावायची जागा) खाली आहे, तो वर घ्या. खाली गेले तर उलट. हे मिटल्यावरच डावं-उजवं. उजव्या हाताने ओढणाऱ्या मुलीचे बिनपंखाचे बाण पंखवाल्यांच्या डावीकडे गेले तर शाफ्ट ताठ: पौंड थोडे वाढवा, पॉइंट जड करा, नाहीतर प्लंजरची (बाणाला बाजूने टेका देणाऱ्या खुंटीची) स्प्रिंग सैल करा. उजवीकडे गेले तर शाफ्ट मऊ: पौंड कमी करा, पॉइंट हलका करा, किंवा शाफ्ट पाव इंच कापा. कापणं सगळ्यात शेवटी, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. डावखुऱ्यांना हे उलट वाचायचं.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. पौंड आणि प्लंजर दोन्ही एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

भाची वयात येणारी असेल तर शाफ्ट लगेच बेतून कापू नका. हात वाढतात, ड्रॉ लेंग्थ वर्षभरात इंचभर सरकते. पूर्ण ओढल्यावर शाफ्टचं टोक रेस्टच्या (बाण टेकायच्या आधाराच्या) पुढे निदान दीड-दोन इंच राहू द्या. मोठ्यांनाही एक इंच हवाच. टोक रेस्टच्या मागे आलं आणि तसंच सुटलं तर बाण हातात घुसतो.

---

तोरणमाळ_वाट

भाऊ, बठ्ठा हिशेब कार्बनना चाली ऱ्हायना. बांबूवाल्यासनंबी देखा जरा. बाकीचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला हवं.

धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं लहानपणापासून तीरकमठा हातात घेऊन वाढतात आणि पुढे इंडियन राउंडला (बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धेला) ३० आणि ५० मीटर मारतात. नेम चांगला असतो, घोडं अडतं बाणांच्या जुळणीत. बांबूच्या धनुष्याची मूठ मधून कापलेली नसते. बाण मुठीच्या बाजूला टेकतो, म्हणजे मध्यरेषेपासून लांब. त्याला मोठा वळसा घ्यावा लागतो, म्हणून कंपाउंडच्या मानाने मऊ बाण लागतो. दुकानातला ताठ कार्बन या धनुष्यावर लावला की उजव्या हाताच्या पोराचे सगळे बाण डावीकडे जातात आणि पोरगं नेम उजवीकडे धरायला शिकतं. ती सवय पुढे मोडत नाही.

वजन पौंडामागे ८ ते १० ग्रेन ठेवा. ३५ पौंडाला २८० ते ३५०. बांबूचं धनुष्य हलक्या बाणाने लवकर फुटतं, आणि हातात झटका बसतो तो वेगळा.

लाकूड-बांबूच्या बाणाचं स्पाइन मोजायचं माप वेगळं आहे. टेकू २६ इंचांवर (६६ सेंटीमीटर), वजन २ पौंड (९०७ ग्रॅम). जितके इंच झुकला त्याने २६ ला भागा, आलेला आकडा पौंडात. ०.६५ इंच म्हणजे साडेसोळा मिलिमीटर झुकला तर ४० पौंडाचा बाण. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. फळीवर दोन खिळे, मधल्या जागी मागे मिलिमीटरची पट्टी उभी, आणि वाळू भरून काट्यावर बरोबर ९०७ ग्रॅम केलेली पिशवी. पिशवी हळूच टांगायची, सोडून द्यायची नाही. हिसका बसला की पेर तडकतं.

बांबू गोल दिसतो पण सगळीकडून सारखा वाकत नाही. म्हणून एकदा मोजलं की बाण पाव फेरा फिरवून परत मोजायचं. जी बाजू ताठ निघेल ती धनुष्याच्या मुठीकडे ठेवायची आणि नॉकची खाच त्या हिशेबाने पाडायची. तीस-चाळीस काड्या मोजल्या की त्यातून एकसारख्या आठ-दहा निघतात. उरलेल्या दुसऱ्या पोराच्या धनुष्याला जुळतात. पाच पौंडांच्या आत स्पाइन आणि १० ग्रेनच्या आत वजन, एवढं जुळलं तरी ३० मीटरचा ग्रुप निम्म्यावर येतो.

पावसाळ्यात काडी ओल धरते, वजनही वाढतं आणि वाकही. आषाढात जुळवलेला संच दिवाळीनंतर परत मोजा. चुलीवरच्या धुरात टांगून ठेवतात ते उगाच नाही.

---

सराफगल्ली

तोरणमाळभाऊ, वाळूच्या पिशवीची कल्पना उत्तम. कार्बनसाठी तीच फळी चालेल, फक्त खिळ्यांची दुसरी जोडी ७१.१ सेंटीमीटरवर ठोका आणि पिशवी ८८० ग्रॅमची करा. ५०० चा शाफ्ट १२.७ मिलिमीटर झुकला पाहिजे, ३४० चा ८.६. जुने शाफ्ट विकत घेताना छापील आकडा पुसलेला असतो, तेव्हा हेच कामाला येतं.

संचातल्या फरकाबद्दल एक आकडा देतो. कंपाउंडच्या ३४५ ग्रेनच्या संचात दोन बाणांत २ ग्रेनचा फरक असेल तर ५० मीटरला सव्वा सेंटीमीटरपर्यंत वरखाली पडतो. म्हणजे एक गुंज सव्वा सेंटीमीटर. १० ग्रेनचा फरक असेल तर दीड रिंग गेली. हे पोराच्या हाताचं नाही, बाणाचं आहे. म्हणून प्रत्येक बाणावर नंबर टाका आणि कुठला नंबर सारखा एकाच बाजूला जातो ते सहा-सहाच्या दहा फेऱ्या लिहून बघा. वर्ल्ड आर्चरीच्या स्पर्धांत शाफ्टवर नाव किंवा आद्याक्षरं लागतातच, त्याच्याच खाली नंबर टाकायचा.

---

भुसावळ_यार्ड

उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर. धनुष्य गाडीत ठेवू नका, दहा मिनिटंही नाही. लिंबचे थर सुटतात. स्ट्रिंग ताणते, मग पीप (स्ट्रिंगमधलं नेम बघायचं भोक) फिरतो आणि कॅमचा मेळ बिघडतो. पोरगं म्हणतं "काल बरोबर लागत होतं".

पॉइंट गरम करून लावायच्या डिंकाने चिकटवले असतील तर ते उन्हात मऊ पडतात. वेगाने फोममध्ये घुसलेल्या बाणाचा पॉइंट घर्षणानेही तापतो. दोन्ही एकत्र झालं की बाण बाहेर येतो आणि पॉइंट बटात राहतो. बाण ओढताना सरळ न ओढता थोडा फिरवत ओढा, एक हात बटवर दाबून धरा, दुसरा शाफ्टला बटच्या अगदी जवळ. मागे कोणी उभं नको. फोमला चिकटत असतील तर शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाला कोरड्या साबणाची वडी घासा.

डिंक लावताना कार्बनला आच द्यायची नाही. पॉइंटची दांडी पक्कडीत धरून ती तापवा, डिंक लावा, फिरवत आत घाला, बाहेर आलेला पुसा. शाफ्टला थेट ज्योत दाखवली तर आतली राळ जळते आणि टोकाशी बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. कापायला घासणारी चकती वापरा, करवत नाही, करवतीने धागे उसवतात. तोंडाला मास्क आणि ओलं फडकं जवळ, कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट.

आणि प्रत्येक फेरीआधी नाही तरी दगडावर, लोखंडी स्टँडवर, दुसऱ्या बाणाच्या शेपटीवर आपटलेला प्रत्येक बाण वाकवून बघायचाच. दोन्ही टोकं धरा, तोंडापासून लांब, थोडा वाकवा, कानाजवळ न नेता ऐका. बारीक कटकट आली, किंवा बोटांना खरखर लागली, तर तो बाण मोडून टाका. कचऱ्यात अख्खा टाकू नका, कोणीतरी उचलून आणतं. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात जातात.

---

गिरणाकाठ

३४० चे शाफ्ट नको, ठरलं. पॉइंट १२० करून बघू आणि बबलकडे पोरांचं लक्ष लावतो. बाण तोलले: सहात सर्वांत हलका ३४३.१, सर्वांत जड ३४८.६.

आता शेवटचा प्रश्न. एका मुलीचे पाच बाण जुळून बसतात आणि ४ नंबरचा नेहमी खाली-डावीकडे. वजन ३४५.२, म्हणजे मधलंच. वाकवून बघितला, आवाज नाही. शाफ्ट काचेवर गडगडवला, सरळ आहे.

---

सातपुडा_पायथा

मग नॉक किंवा वेन. या क्रमाने बघा.

नॉक स्ट्रिंगवर चढवा, स्ट्रिंग आडवी धरून बाण खाली लोंबू द्या. तो लोंबत राहिला पाहिजे, आणि स्ट्रिंगला बोटाने हलकी टिचकी मारली की पडला पाहिजे. बाकीच्या पाचांशी ताडून बघा. ४ नंबरचा घट्ट असेल तर सुटताना स्ट्रिंग त्याला उशिरा सोडते आणि बाण खाली जातो. नॉकच्या ओठांच्या मुळाशी नखाने चाचपा, तिथे केसाएवढी चीर असते. चीर दिसली की नॉक बदला, थांबू नका. नॉक फुटला तर धनुष्य रिकामं सुटतं.

नॉक ठीक असेल तर वेनवर टाल्कम पावडर लावा. आधी वेन ओल्या फडक्याने किंचित दमट करा, वर पावडर भुरभुरा, फुंकर घालून जास्तीची काढा. तीन मीटरवरून बटात मारा आणि बाण ओढताना वेनला हात लावू नका. पांढऱ्यावर काळी रेघ उठली असेल तर ती जिथे आहे तिथे वेन रेस्टला किंवा केबलला घासतोय. रेस्टच्या पात्यावरही पांढरा डाग दिसेल. बाकीच्या बाणांवर रेघ नसेल तर नॉक काही अंशांनी फिरलेला आहे. दाबून बसवायचे नॉक ओढताना फिरतात. वेन बाकीच्यांच्या बरोबर रेषेत येईपर्यंत नॉक फिरवा आणि परत पावडर लावून मारा.

---

गिरणाकाठ

रेघ आली. खालच्या वेनच्या कडेला, पुढच्या टोकापासून अर्ध्या बोटावर, आणि रेस्टच्या डाव्या कडेवर पांढरं. नॉक बाकीच्यांपेक्षा थोडा फिरलेला होता. सरळ केला, दुसऱ्यांदा रेघ नाही.

---

सातपुडा_पायथा

आता सहाही नॉक एका ओळीत आहेत का ते बघून प्रत्येकावर, नॉक आणि शाफ्टच्या सांध्यावर, बारीक मार्करची एक आडवी रेघ मारा. अर्धी नॉकवर, अर्धी शाफ्टवर. फेरी सुरू करायच्या आधी रेघ तुटलेली दिसली की नॉक फिरला समजायचं.